कोब्यावरचा तेलाचा डाग : स्वच्छतेचा एक पाठ

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासाविषयीच लिहावे अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार. माहीमचा किल्ला, महिकावतीची बखर, नाही तर वसतिगृह चळवळीचा आढावा, हे विषय आमच्या हाताशी होतेच. परंतु आम्ही आपल्या शाळेच्या वाहनशेडमधील एका डागावर लिहायचे ठरवले आहे. या डागाने आम्हाला जे शिकवले, ते तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहूनही आमच्या पुरते ध्यानात आले नव्हते.

माजी विद्यार्थ्यांना ती शेड आठवत असेल. भोजनगृहाच्या मागे, माडांच्या रांगेला लागून, वर पत्रे आणि खाली सिमेंटचा कोबा. पालघरहून धान्य आणि भाजीपाला घेऊन येणारा टेम्पो तिथेच उभा राहतो. पावसाळ्यात कवायतीही तिथेच होत आणि पालकसभेच्या पंगतीही तिथेच बसत. टेम्पोच्या इंजिनाखाली जो काळा डाग होता, तो वर्षानुवर्षे परातीएवढ्याचा सुपाएवढा आणि सुपाएवढ्याचा चटईएवढा होत गेला. पंगत वाढायची वेळ आली की आम्ही त्यावर गोणपाट टाकून तो झाकत असू.

आपल्यापैकी अनेकजण आज बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम करतात. काहींची स्वतःची गॅरेजे आहेत, काही रिक्षा आणि टेम्पो चालवतात, आणि ओट्याखाली किंवा इमारतीच्या तळमजल्यावर मोटारसायकल तर प्रत्येकाच्याच घरी उभी असते. म्हणून हा पाठ केवळ शाळेपुरता नाही. तो घरी करून पाहण्याजोगा आहे.

१. आमची चूक

प्रथम आमच्या हातून जे चुकले ते सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या डागाची आम्हाला फार लाज वाटली. बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. आम्ही बाजारातून शौचालय धुण्याच्या ॲसिडच्या दोन बाटल्या आणवल्या आणि शाळेतील एका सेवकाला, ज्यांना मुले ‘मामा’ म्हणतात, ते ॲसिड डागावर ओतून घासायला सांगितले. मामांच्या हातात मोजे नव्हते, नाकावर रुमाल नव्हता. आम्ही मात्र वर्गात परतलो. त्या तासाला विषय होता सामाजिक समतेचा.

तासाभराने येऊन पाहतो तो कोबा पांढुरका पडलेला, त्यातील खडी उघडी झालेली, जागोजागी बोटभर खळगे पडलेले आणि त्या खळग्यांत काळा डाग जसाच्या तसा. मामा नळाखाली डोळे धूत होते. ते एवढेच म्हणाले, “सर, डाग तिथेच आहे. घसा मात्र माझा जळला.” पुढे दोन दिवस ते खोकत होते.

या प्रसंगात आमच्या दोन चुका होत्या. पहिली रसायनशास्त्राची आणि दुसरी माणुसकीची. पहिलीचा विचार आधी करू, दुसरीकडे शेवटी येऊ.

२. डाग कोब्यावर नसतो, कोब्यात असतो

काँक्रीट आपल्याला दगडासारखे अभेद्य वाटते, पण ते तसे नाही. माहीमच्या आणि केळव्याच्या किल्ल्यांच्या भिंती ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना चुन्याचे जुने बांधकाम कसे असते हे ठाऊक आहे. इमारतीसाठी चुना वापरण्याची विद्या प्राचीन आहे. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळून काँक्रीट केले. आजच्या पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली घेतले. भारतात त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले. आपल्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली चालू झाले, तेव्हापासून या परिसराने काँक्रीट भरपूर पाहिले. पण अणुवीज केंद्राचे असो वा शाळेच्या शेडचे, काँक्रीटचा मूळ गुणधर्म एकच असतो.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की दोघांचा संयोग होऊन ते घट्ट होते. संयोगात न लागलेले जादा पाणी मागे राहते आणि कालांतराने उडून जाते. ते जिथे होते तिथे केसाहून बारीक नलिका उरतात. समईची वात जशी तेल वर ओढते, तशाच या नलिका कोब्यावर पडलेले तेल आत ओढून घेतात. पहिल्या तासात तेल पृष्ठभागावर असते, एका दिवसात ते आत उतरते आणि वर्षभर ठिबकत राहिले तर बरेच खोल जाते. त्यावर धूळ आणि टायरची काजळी बसते, आणि आपण त्याला ‘डाग’ म्हणतो.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. वरून कितीही घासले तरी आतील तेल निघणार नाही. ते ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने त्याला बाहेर यायला लावले पाहिजे. म्हणजे कोब्यापेक्षा अधिक शोषून घेणारी वस्तू त्यावर ठेवली पाहिजे. डाग काढण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

ॲसिडने काय केले हेही आता कळेल. मीठाचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, सिमेंटमधील चुन्याशी संयोग पावते आणि त्याला विरघळवते. इंजिनाच्या तेलाशी त्याचे काहीच देणेघेणे नाही. आम्ही तेल काढायला निघालो आणि तेल सोडून कोबाच काढला.

३. ताजे तेल सांडल्यास

आम्हाला योग्य वाट दाखवली ती आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो बोईसरला गॅरेजमध्ये काम करतो. शाळेत आला असता त्याने ते खळगे पाहिले, थोडा हसला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ ऑइल सांडते. ॲसिड वापरले असते तर एव्हाना गॅरेजला जमीनच उरली नसती.” मग त्याने आम्हाला पद्धत सांगितली आणि आम्ही विद्यार्थ्यासारखी वहीत उतरवून घेतली. ती अशी.

एक, तेल सांडल्याबरोबर पाणी ओतू नये. पाण्याने तेल पसरते आणि डाग मोठा होतो.

दोन, चिंध्या किंवा जुने वर्तमानपत्र वरून अलगद दाबून जेवढे तेल टिपता येईल तेवढे टिपावे. पुसू नये, टिपावे. पुसल्याने तेल नलिकांत ढकलले जाते. कडेकडून मधल्या भागाकडे यावे.

तीन, लाकडाचा बारीक भुसा, दळलेला भाताचा तूस किंवा कोरडी बारीक माती यांपैकी जे मिळेल त्याचा जाड थर द्यावा. आपल्या भागात भातगिरण्या आहेत, सुताराच्या वखारी आहेत. या वस्तू जवळपास फुकट मिळतात.

चार, तो थर विटेच्या तुकड्याने किंवा चपलेच्या टाचेने कोब्यावर घासावा, म्हणजे भुशाचे कण नलिकांच्या तोंडाशी पोहोचतात. मग किमान रात्रभर तसाच ठेवावा.

पाच, सकाळी खराट्याने गोळा करावा. भुसा ओलसर आणि काळा झाला असेल तर पुन्हा नवा थर द्यावा. तो कोरडा राहू लागला की काम झाले.

ताज्या तेलाला बहुधा एवढे पुरते. साबणाचीही गरज पडत नाही.

४. जुना डाग : इयत्ता नववीचा प्रयोग

वर्षानुवर्षांच्या डागाला मात्र निराळा उपाय लागतो. आमच्या विज्ञान शिक्षक सहकाऱ्यांच्या मदतीने नववीच्या मुलामुलींनी त्याचा प्रयोग केला. डागावर खडूने प्रत्येकी एक फूट लांबी-रुंदीचे चार चौकोन आखले. सर्वांना रबरी मोजे दिले. कोणत्या चौकोनावर काय करायचे ते ठरवून, रोज निरीक्षण लिहून काढायचे होते.

पहिला चौकोन तसाच ठेवला. तुलना करायला काही तरी न बदललेले हवे, हे प्रयोगाचे पहिले तत्त्व मुलांना इथे कळले.

दुसऱ्या चौकोनावर भुसा टाकून रात्रभर ठेवला. वरचा चिकटपणा गेला, रंग मात्र गेला नाही. आतील तेल घट्ट झालेले होते, ते भुशाकडे वाहून येईना.

तिसरा चौकोन कढत पाणी आणि धुण्याची पावडर घालून काथ्याच्या ब्रशने घासला. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला, म्हणून तेल सुटून पाण्यात येते. चौकोन ओला असताना स्वच्छ दिसला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कोबा वाळला आणि डाग परत आला, थोडा फिकट एवढेच. पाणी वाळताना नलिकांतून वर येते आणि खालचे तेल आपल्याबरोबर वर आणते. “सर, काल गेला होता ना?” असे एका मुलीने विचारले. उत्तर तिच्या समोरच कोब्यावर होते. ओलेपणामुळे दिसेनासा झालेला डाग म्हणजे निघालेला डाग नव्हे.

चौथ्या चौकोनावर लेप लावला. त्याची कृती सविस्तर देत आहोत.

एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा धुण्याची पावडर विरघळवून घ्यावी. मुलतानी माती किंवा खडूची पूड (शाळेत खडूच्या तुकड्यांना तोटा नाही) घेऊन त्यात हे पाणी थोडे थोडे घालत थालीपीठाच्या पिठाइतके घट्ट भिजवावे. डाग आधी याच पाण्याने ब्रशने घासून, चिंधीने टिपून घ्यावा. मग त्यावर अर्धा इंच जाडीचा लेप थापावा. लेप डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जावा, नाही तर तेल कडेला सरकते. वर प्लास्टिकचा कागद घालून कडांना विटा ठेवाव्यात. एक दिवस झाकून ठेवावे, म्हणजे सोड्याचे पाणी आत उतरून तेल सैल करते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. खरे काम या वाळण्याच्या काळात होते. लेप वाळतो तसा तो आतील ओल वर ओढतो आणि तिच्याबरोबर तेलही येते. कोरडा लेप पत्र्याने खरवडला की त्याची खालची बाजू पिवळट-तपकिरी झालेली दिसते. कोब्यातून बाहेर आलेले तेल ते हेच.

आम्ही हा लेप तीन वेळा लावला. पहिल्या वेळी डाग निम्मा फिकट झाला. दुसऱ्या वेळी आणखी. तिसऱ्या वेळेनंतर केवळ एक करडी सावली उरली. ती आजही आहे. पूर्ण पांढरा कोबा काही झाला नाही आणि तसे वचन आम्ही कोणाला देणारही नाही. खोल गेलेला डाग एका रात्रीत जात नाही, पण चिकाटी धरली तर तो फिका पडत जातो.

लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुकडे कोब्यात अडकून गंजतात आणि काळ्याच्या जागी तांबडे डाग पडतात. काथ्याचा ब्रश आपल्या किनाऱ्यावर सहज मिळतो आणि तोच उत्तम.

५. स्वयंपाकघरातील तेल निराळे

पालकवर्गाला, विशेषतः भगिनींना, पुढील फरक उपयोगी पडेल. इंजिनाचे तेल खनिज असते, शेंगदाण्याचे, सोयाबीनचे किंवा पामचे तेल वनस्पतिज असते. दिसायला दोन्ही तेलेच, पण त्यांची प्रकृती वेगळी आहे. वनस्पतिज तेल आणि तूप यांचा क्षाराशी संयोग झाला की साबण तयार होतो. खनिज तेलाचा असा साबण होत नाही.

आपल्या आजी राखेने आणि काथ्याने तेलकट भांडी घासत, त्यात हेच शास्त्र होते. राखेत क्षार असतो. केळव्या-माहीमच्या वाड्यांत ज्या केळी आहेत, त्यांच्या वाळलेल्या खुंटांची राख विशेष क्षारयुक्त असते. तेल आणि राख यांपासून भांड्यातच थोडा साबण तयार होई. म्हणून भोजनगृहाच्या कोब्यावरील खाद्यतेलाच्या डागाला धुण्याचा सोडा आणि कढत पाणी फार लवकर लागू पडते.

मात्र खाद्यतेलाचा डाग निरुपद्रवी समजून तसाच ठेवू नये. घट्ट झालेल्या काँक्रीटला खनिज तेलाने फारशी इजा होत नाही. उलट खाद्यतेल आणि चरबी यांतील आम्ले हळूहळू काँक्रीटमधील चुना खातात. भजी तळण्याच्या जागेचा कोबा काही वर्षांनी भुसभुशीत होतो, त्याचे हेही एक कारण आहे.

६. काय करू नये

ॲसिडविषयी वर सांगितलेच. ॲसिड आणि जंतुनाशक ब्लिचिंग एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून डाग धुण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तेल त्यात विरघळते हे खरे, पण पातळ होऊन ते अधिक खोल आणि अधिक दूर पसरते, आणि एका ठिणगीने अनर्थ होतो. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो, म्हणून तो मुलांच्या हाती कदापि देऊ नये. साधा धुण्याचा सोडाही मोजे घालूनच हाताळावा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डाग पडूच न देणे. टेम्पोखाली आता आम्ही जुनी परात ठेवतो आणि तिच्यात भुसा घालतो. शेडच्या कोपऱ्यात भुशाचा डबा आणि फावडे कायम असते. गळती कुठून होते हे मेकॅनिककडून पाहून घेतले, तेव्हा कळले की एक स्वस्तातले पॅकिंग वेळीच बदलले असते, तर आजचा हा लेखच लिहावा लागला नसता.

७. मळ जातो कुठे?

आता खरा प्रश्न. कोब्यातून जे काढले, त्याचे पुढे काय?

पूर्वी आम्ही शेड धुवून पाणी गटारात सोडत असू. आपले गटार नाल्याला मिळते आणि नाला खाडीला. डाग आमच्या शेडमधून नाहीसा होई आणि आम्ही समाधानाने हात धूत असू. वस्तुतः तो नाहीसा होत नव्हता, तो खाली राहणाऱ्यांच्या दारी जात होता. पाणेरीच्या पाण्याविषयी माहीम आणि वडराईच्या ग्रामस्थांनी वेळोवेळी जो आवाज उठवला आहे, तो आपण सर्वांनी ऐकला आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि २०२२ साली न्यायाधिकरणाने प्रदूषणाच्या भरपाईचे आदेश दिले. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाने संघटित होऊन, कायद्याच्या मार्गाने दिलेला हा लढा अभ्यासण्याजोगा आहे. आम्ही तो नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवतो.

पण कारखान्यांकडे बोट दाखवणाऱ्या आपल्या हाताला ऑइल लागलेले असेल, तर त्या बोटाचे वजन कमी होते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर डांबरगोळे येतात आणि अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या तळव्यांना चिकटतात, ते तेल समुद्रात कोणी तरी सोडलेलेच असते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा ही दोन जहाजे आदळून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावरील खारफुटी काळी पडली. तो अपघात होता. गटारात सोडलेले जळके ऑइल मात्र अपघात नसतो, ते आपण समजून उमजून सोडतो.

म्हणून आता आम्ही असे करतो. वापरलेले इंजिन ऑइल झाकणाच्या डब्यात साठवतो. तेलाने भिजलेला भुसा आणि खरवडलेला लेप पत्र्याच्या दुसऱ्या डब्यात झाकून ठेवतो, कारण तेलकट भुसा सहज पेट घेतो. तो जाळत नाही, शेतात टाकत नाही, गुरांच्या वाऱ्यालाही ठेवत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. जी गॅरेजे आपले तेल अशा ठिकाणी देतात, त्यांच्याकडे आम्ही दोन्ही डबे पोचवतो. धुण्यासाठी बादलीभराहून अधिक पाणी वापरत नाही आणि तेही चिंध्यांनी टिपून घेतो.

तेल गिळणाऱ्या जिवाणूंविषयी मुले कुतूहलाने विचारतात. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेत असा जिवाणू घडवला आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंटचा हक्क मान्य केला. विज्ञानाची ही वाट मोठी आहे. पण जिवाणू येऊन आपला मळ खाईल या भरवशावर मळ करत राहणे हे शहाणपण नव्हे.

८. झाडू कोणाच्या हातात?

आता आमची दुसरी चूक.

विनयपिटकात विहार कसा झाडावा याचे बारीक नियम आहेत. शिष्याने आचार्यांची खोली स्वच्छ करताना आधी सामान बाहेर काढावे, जाळ्या वरून खाली काढाव्यात. रंगवलेल्या भिंतीवर किंवा काळ्या केलेल्या जमिनीवर डाग पडले असतील तर फडके ओले करून, पिळून, मग पुसावे. जमीन कच्ची असेल तर धूळ उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडावे. केर वेचून एका बाजूला टाकावा. अंथरुणे झटकताना ती इतर भिक्षूंजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नयेत, आणि वाऱ्याच्या उलट दिशेलाही नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील हे नियम वाचताना आम्ही थक्क झालो. आपला मळ दुसऱ्याच्या अंगावर आणि दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ नये, हा विचार त्यात स्पष्ट आहे. आणि हे काम कोणत्या जन्माच्या माणसाने करावे याचा त्यात उल्लेखही नाही. जो संघात आहे त्याने ते करायचे.

आपल्या समाजाचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. मळ करणारा एक आणि मळ उचलणारा दुसरा अशी वाटणी झाली आणि ती जन्मावर ठरली. स्वच्छता मागे पडली आणि ‘शुद्धता’ पुढे आली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने नसलेला डाग पडल्याचे मानायचे, आणि खरी घाण मात्र पाण्यात स्वतःच्या हाताने ओतायची, याहून मोठा विपर्यास इतिहासात शोधून सापडणार नाही.

हा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवतो. आणि तरीही त्या दिवशी आमच्या तोंडून सहज निघाले, “मामा, तेवढे घासून घ्या.” मोजे नाहीत, माहिती नाही, धोका काय याची सूचना नाही. ॲसिड आम्ही निवडले, वाफ त्यांनी गिळली. मळ खालच्या दारी ढकलण्याचा जो प्रकार आम्ही खाडीच्या बाबतीत केला, तोच एका माणसाच्या बाबतीतही केला. आम्ही मामांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “असू द्या सर, पुढच्या वेळी दोघे मिळून करू.” त्या वाक्याने आम्ही अधिकच खजील झालो. लेपाचा तिसरा थर आम्ही आणि मामांनी मिळून थापला, मोजे घालून, गुडघ्यावर बसून. मुले निरीक्षण लिहीत होती. आम्हाला वाटते, त्या दिवशी वहीत जे लिहिले गेले नाही तेही त्यांनी वाचले असावे.

तेव्हापासून शेडची पाळी शिक्षक, विद्यार्थी आणि सेवक यांच्यात वाटलेली आहे. मुख्याध्यापकांचे नावही त्या तक्त्यावर आहे.

९. स्वाध्याय

प्रत्येक पाठाच्या शेवटी स्वाध्याय असतो, या पाठालाही तो हवा.

अ) आपल्या वाहनाखाली रात्रभर एक पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर किती थेंब पडले ते मोजा आणि ते कोणत्या भागातून गळतात याचा शोध घ्या.

आ) आपल्या घरचे धुण्याचे पाणी कोणत्या गटारातून, कोणत्या नाल्यातून, कुठे जाते त्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या.

इ) आपल्या इमारतीत, कारखान्यात किंवा कार्यालयात जमीन कोण पुसते? त्या व्यक्तीचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? तिला मोजे मिळतात का?

वर्धापनाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी शेडमध्ये जरूर यावे. चौथ्या चौकोनाची करडी सावली तिथे आहे. बाजूला ॲसिडने पडलेले खळगेही आहेत. ते सिमेंटने बुजवायचे का, असे व्यवस्थापनाने विचारले होते. आम्ही नको म्हटले. नववीच्या प्रत्येक नव्या तुकडीला आम्ही आधी ते खळगे दाखवतो आणि मग पाठ सुरू करतो.

आणि हो, गाडी शेडमध्ये लावणार असाल तर पुठ्ठा बरोबर आणावा. भुसा आमच्याकडे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.